गाडीचा एसी आणि गटाचा हिशेब



आमच्या गटाची गाडी तुमच्यापैकी काही जणींनी पाहिली असेल. देवळी तालुक्यातून सकाळी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पेशंट घेऊन जाते आणि दुपारी परत येते. सात जणांची, सेकंडहँड. गटातलीच एक ताई ती चालवते. मागच्या मे महिन्यात तिचा एसी बंद पडला. गॅरेजमध्ये सांगितलं, कंप्रेसर गेला. त्यापायी आमचे २८ हजार कसे गेले, ते आज सांगतो.

बैठकीत पहिला प्रश्न आला तो एसी पाहिजेच कशाला. आमच्यातली सगळ्यात वयस्क माय म्हणाली, "आम्ही जन्मभर यष्टीत उभं राहून गेलो, आता एसीचे लाड काहून?" तिचं म्हणणं आम्हाला खोटं वाटलं नाही. पण गाडी चालवणारी ताई म्हणाली, "माय, वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जाते. ऑपरेशनची बाई आणि आठ दिवसांचं लेकरू घेऊन भर दुपारी मी येतो. खिडकीतून झळा येते, हवा नाही येत." मग माय गप्प बसली आणि म्हणाली, "करा बाप्पा, पण हिशेब नीट लावा."

हिशेब लावायला बसलो तेव्हा आमचीच चूक दिसली. त्याआधीच्या तीन महिन्यांत थंडावा कमी झाला म्हणून आम्ही तीनदा गॅस भरला होता. दर वेळी १,८०० रुपये, म्हणजे ५,४०० रुपये. गॅरेजवाला म्हणायचा गॅस संपला, आणि आम्ही मान डोलवायचो. बायांनो, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. दोन-तीन वर्षांत थोडा कमी होणं वेगळं. पण महिन्याभरात कमी झाला, तर कुठून तरी गळतोय हे नक्की. आमच्या गाडीत एका जोडावरची रबरी रिंग कडक झाली होती. काही रुपयांची वस्तू! तिथे तेलकट डागही होता. तो कोणी पाहिला नाही, आम्हीही नाही.

गॅसबरोबर तेल फिरतं आणि कंप्रेसरला वंगण त्या तेलाचंच. गॅस गळताना तेलही जातं. कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, कोरडा पडला की आतून घासतो आणि एक दिवस जाम होतो. त्यात आमची गाडी रोज जिनिंगसमोरून जाते. पुढच्या जाळीमागे जो कंडेन्सर असतो, त्यावर धूळ आणि कापसाचे तंतू गादीसारखे बसले होते. गरमी बाहेर जायला वाट नव्हती, सगळा दाब कंप्रेसरवर.

मग आम्ही तीन ठिकाणी भाव विचारला. कंपनीचा नवा २१,०००, दुसऱ्या बनावटीचा नवा १३,५००, आणि नागपूरहून मागवून दुरुस्त केलेला जुना ७,५००. जुन्याची गॅरंटी तीन महिने. सात हजारांच्या भावाला आम्ही भुललोच होतो. पण तीन महिने म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, पुढचा उन्हाळा तर गॅरंटीबाहेर. म्हणून मधला घेतला, एक वर्षाच्या गॅरंटीचा.

कंप्रेसरची किंमत म्हणजे कामाची किंमत नव्हे, हेही तेव्हाच कळलं. आतला कंप्रेसर घासून फुटला की धातूचा चुरा नळ्यांमध्ये पसरतो. तो धुतला नाही तर नवा कंप्रेसरही लवकर जातो. म्हणून नळ्या धुणं आणि गळती तपासणं १,२००, ओलावा धरणारी ड्रायरची बाटली ९००, गॅस आणि तेल २,२००, मजुरी २,०००. सगळं मिळून १९,८००. चार दिवस गाडी उभी राहिली, रोजचे ७०० रुपये बुडाले, ते २,८००. आधीचे गॅसचे ५,४०० धरा. झाले अठ्ठावीस हजार.

विम्याचे कागदही काढून पाहिले. अपघातात मार बसला तर भरपाई, पण झिजून पार्ट गेला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही.

पैसे कुठून आणायचे? गाडीच्या खात्यात दुरुस्तीसाठी ५,००० होते. बाकी १५,००० गटाने गाडीला कर्ज दिलं, सभासदाला देतो तसंच, महिना एक टक्का व्याजानं. रजिस्टरमध्ये गाडीच्या नावाचं पान उघडलं. एकीच्या तोंडून निघालं, "आता हिलाही बैठकीला बोलवायचं काय?" खूप हसलो.

सरकारनं २०१७ मध्ये बचत गटांच्या महिलांसाठी आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली. तुमच्यापैकी कोणी अशी गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर हप्ता, डिझेल, विमा यांच्यासोबत दुरुस्तीचा पैसा पहिल्या महिन्यापासून बाजूला टाका. आम्ही दिवसाला ५० टाकत होतो, आता १०० टाकतो.

गॅरेजमध्ये कोणी "कंप्रेसर गेला" म्हटलं तर आधी फ्यूज, रिले, पट्टा आणि गॅसचा दाब तपासायला सांगा. गॅस फारच कमी असेल तर कंप्रेसर मुद्दाम बंद राहतो, तो गेलेला नसतो. एसी लावल्यावर टक्‌ आवाज येत नसेल तर कधी नुसता क्लच बिघडलेला असतो. गळती दाखवल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. जुना पार्ट मागून घ्या. पक्कं बिल मागितलं की काही जण तोंड वाकडं करतात, करू द्या. बिल न देणं ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार मानलं आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिलाशिवाय गॅरंटीचा कागद कोण ऐकणार?

हिवाळ्यातही आमची ताई आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवते, तेल फिरावं म्हणून. कंडेन्सर दर महिन्याला साध्या पाण्यानं धुते, जोरात फवारा न मारता, त्याच्या पत्र्या वाकतात.

गाडीच्या कर्जाचे तीन हप्ते फिटले. कोणाला भावाची पावती किंवा आमचं रजिस्टर पाहायचं असेल तर महिन्याच्या ५ तारखेला आमची बैठक असते. या, चहा आमच्याकडे.