सूज उतरली म्हणजे आजार गेला असं नाही



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण गेली तीन वर्षं माझ्या भाचीच्या हॉस्पिटलच्या फाइलचा कारकून मी आहे. त्या फाइलमधून जे कळलं, तेवढंच बोलतो.

आपाची ही मुलगी चार वर्षांची असताना सकाळी उठली की लंगडायची आणि दुपारी अंगणात पळायची. दवाखान्यात अकरा वाजता नेलं की डॉक्टरांना फारसं काही दिसायचं नाही. अम्मी म्हणायची, वाढीचं दुखणं असेल. पण वाढीचं दुखणं बहुधा संध्याकाळी-रात्री, दोन्ही पायांत होतं आणि सकाळी मूल ठणठणीत असतं. हिचं उलट होतं. एकच गुडघा, तोही सकाळी आखडलेला. शेवटी आपाने सकाळी सात वाजता मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि मुंबईला मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवला.

हो, मुलांनाही संधिवात होतो. हे वाक्य घरात निदान पन्नास वेळा सांगावं लागलं. 16 वर्षांच्या आतल्या मुलाचा सांधा 6 आठवडे किंवा जास्त सुजलेला राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. एका रक्ततपासणीत याचं होय-नाही मिळत नाही.

आधी भूल देऊन गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. मग मेथोट्रेक्सेट सुरू झालं. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आम्ही शुक्रवार ठरवला. जुम्मा कोणी विसरत नाही. गुण यायला कित्येक आठवडे लागतात आणि मळमळ मात्र लगेच होते. पुढे पुढे तर ती पिवळी गोळी नुसती दिसली तरी पोर ओकारी काढायची. अधूनमधून रक्त तपासायचं, पेशी आणि यकृत ठीक आहे ना ते बघायला.

काही महिन्यांत सूज गेली. लंगडणं थांबलं, रिपोर्ट चांगले आले. खरा वाद इथे सुरू झाला. दुल्हाभाई म्हणाले, आता एवढं कडक औषध कशाला? खालाचं म्हणणं वेगळंच: मुलीची जात आहे, हॉस्पिटलच्या फेऱ्या बंद करा, लोक विचारतात. दोघंही प्रेमानेच बोलत होते. तरीही आपाने ठरलेल्या तारखेला तिला डोळ्यांच्या तपासणीला नेलं.

उजव्या डोळ्याच्या आत सूज निघाली. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, पोरीची काही तक्रार नव्हती. या आजारात डोळ्याची सूज अशी गुपचूप येते, सांधे शांत असतानाही. ती स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राखालीच दिसते, म्हणून लहान मुलांना सुरुवातीला साधारण दर 3 महिन्यांनी तपासतात. सापडली नाही तर मोतीबिंदू, काचबिंदू आणि कायमचं अंधत्वही येऊ शकतं. आमच्या धंद्यात स्क्रीनवर एरर दिसत नाही म्हणून कोणी लॉग बघायचं सोडत नाही. घरात मात्र आपण तेच करायला निघालो होतो.

थेंब सुरू झाले. तेवढ्याने भागेना, तेव्हा अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन, दर 15 दिवसांनी. त्याआधी टीबी नाही ना हे तपासतात, कारण या औषधाने दबलेला टीबी उसळू शकतो. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि आमच्याकडे लाइट जाते, म्हणून शेजारच्या मेडिकलवाल्याशी बोलून ठेवलंय. भारतीय कंपन्यांची इंजेक्शनं आल्यापासून किंमत उतरली, तरी स्वस्त म्हणवत नाही. खर्चाचं डॉक्टरांशी आणि हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात उघड बोला, लाजू नका.

आपाने शाळेतही सांगितलं. वर्ग तळमजल्यावर आला. खाला आठवडाभर रुसली, आता इंजेक्शनच्या दिवशी तीच शीरखुर्मा घेऊन येते.

औषध कधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील. आजार बराच काळ शांत राहिला की हळूहळू कमी करून बघतात, असं त्यांनी सांगितलंय. मी तारखांची एक साधी शीट बनवली आहे: औषध, रक्त, डोळे. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी नंतर भेटा, पाठवतो. डोळ्यांचा रकाना तेवढा पुसू नका.