पौरुषग्रंथीचा कर्करोग : संकोच नको, सावधता हवी



पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट अथवा पौरुषग्रंथी म्हणतात. पन्नाशीनंतर तिच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो. प्रारंभी हा रोग बहुधा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, ते पुष्कळदा ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे. तरीही ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून दुखणे अंगावर काढणे शहाणपणाचे नव्हे.

एखादी गोळी घेऊन हा रोग टळेल काय? ‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांविषयी तशी मोठी आशा होती. २००१ मध्ये अमेरिकेत ‘सिलेक्ट’ ही चाचणी सुरू झाली. तीत ३५ हजारांहून अधिक पुरुष सहभागी झाले. लाभ दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबविण्यात आल्या. २०११ चे निष्कर्ष तर डोळे उघडणारे होते : नुसते ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत, औषधहीन गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, हा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. शक्तिवर्धक म्हणून मनाने गोळ्या घेणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

वय आणि आनुवंशिकता माणसाच्या हाती नाहीत. दिनचर्या मात्र आहे. स्थूलतेचा संबंध या रोगाच्या उग्र स्वरूपाशी, तर धूम्रपानाचा त्यातून होणाऱ्या मृत्यूशी आढळला आहे. म्हणून नित्य व्यायाम, मिताहार आणि तंबाखूचा त्याग हाच राजमार्ग. त्याने रोग टळेलच अशी हमी नाही. पण हृदयाला व मधुमेहींना त्याचा लाभ निश्चित होतो.

वडिलांना वा भावाला हा रोग झाला असेल, तर धोका सुमारे दुप्पट होतो. आई-बहिणीच्या स्तनाच्या कर्करोगाचीही माहिती डॉक्टरांना द्यावी. काही घराण्यांत दोन्ही रोगांचे मूळ एकाच जनुकीय दोषात असते. अशा पुरुषांनी चाळिशी-पंचेचाळिशीत, इतरांनी पन्नाशीच्या सुमारास पीएसए या रक्ततपासणीचे लाभ व मर्यादा डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात. पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच, असे नाही. जंतुसंसर्गानेही ते वाढते.

आपल्या कुटुंबांत वडीलधाऱ्यांचा असा आजार लाजेपोटी मुलांपासूनही लपविला जातो. ही मर्यादा नव्हे. पुढच्या पिढीची सावध होण्याची संधी त्यामुळे हिरावली जाते. घरातील कर्त्या पुरुषाने मौन सोडावे, यातच कुटुंबाचे हित आहे.