भरवसा कोणावर?
(जुबिलीनिमित्त कळंब येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी आम्ही पवित्र शास्त्रातील एक जुनाच विषय तुमच्यापुढे मांडण्याचे योजिले आहे. मूर्तिपूजेचा निषेध हे शब्द कानी पडताच आपल्यापैकी पुष्कळांची दृष्टी सहज शेजाऱ्याच्या देवळाकडे वळते. ती तिकडे वळू नये, ही आमची पहिलीच विनंती आहे. एलीया, यशया, यिर्मया या संदेष्ट्यांचा कोप मुख्यतः ज्यांच्यावर झाला, ते परमेश्वराचे नाव घेणारे, त्याचे सण पाळणारे, त्याच्या वेदीवर यज्ञ करणारे इस्राएली लोक होते. ते बोल घरच्या माणसांना लावलेले आहेत, आणि आम्हीही ते घरच्या माणसांपुढेच उच्चारीत आहो.

अहाब राजाच्या काळची कथा तुम्हांस ठाऊक आहे. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील ही गोष्ट. त्या राजाने सीदोनच्या राजाची कन्या ईजबेल हिच्याशी विवाह केला, आणि तिच्याबरोबर बआलाची उपासना राजवाड्यात शिरली. हा बआल कोण? कनानी लोकांच्या समजुतीप्रमाणे मेघ, गर्जना व पाऊस त्याच्या हाती. आता मिसर देशाला नाईल नदी होती. इस्राएलाच्या डोंगराळ भूमीला आभाळावाचून दुसरा आधार नव्हता. आपल्या तालुक्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू शेतकऱ्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. इस्राएली मनुष्याने परमेश्वराला सोडले होते असे नव्हे. मिसरातून ज्याने सोडविले तो परमेश्वर खराच, असे तो म्हणे. परंतु पेरणीच्या दिवसांत आभाळ कोरडे राहिले तर काय करावे? म्हणून तो बआलालाही दुखवीत नसे. एलीयाने कर्मेल पर्वतावर लोकांना जाब विचारला तो याच दुहेरी चालीबद्दल. आणि लोक, शास्त्र सांगते, गप्प राहिले. आम्हांला त्या सर्व प्रसंगात अग्नीपेक्षाही ही चुप्पी अधिक बोलकी वाटते.

ती चुप्पी आपल्या घरांतही आहे. रविवारी मिस्सा चुकत नाही, आणि लेकरू तापाने फणफणले की सायंकाळी देवऋषीच्या दारी गुपचूप जाणे होते. घराच्या पायावर फादरांनी तीर्थ शिंपडावे, आणि फादर गेल्यावर त्याच पायात लिंबू ठेवावे. लग्नाचा दिवस ठरविताना आधी पंचांग पाहावे व मग आमच्याकडे यावे. ही थट्टेची गोष्ट नव्हे. भय फार खोल असते, आणि तान्ह्या लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला दोष देण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. पण तिला डॉक्टरांकडे न नेता गंडेदोऱ्यांकडे नेणाऱ्या वडीलधाऱ्यांना मात्र आम्ही दोष देतो.

कोणी विचारील, मग आपल्या वेदीवरील पुतळ्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. त्रेंत येथील धर्मसभेने 1563 साली याचे उत्तर स्पष्ट दिले: प्रतिमेच्या ठायी काही दैवी शक्ती आहे असे मानून तिच्यावर भरवसा ठेवावयाचा नाही, मान द्यावयाचा तो ती ज्यांची प्रतिमा आहे त्यांना. पाहा, तेथेही कसोटीचा शब्द भरवसा हाच आहे. मोशेने परमेश्वराच्याच आज्ञेने पितळेचा सर्प केला होता, आणि त्याकडे पाहून लोक वाचले होते. पुढे त्याच सर्पापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. वस्तू तीच, देणगी देवाचीच. पण दात्याची जागा देणगीने घेतली. आपल्या गळ्यातील पदक ताईत होऊन बसले असेल, तर ज्याने त्याने आपल्या मनाशी याचा विचार करावा.

यिर्मयाने हीच गोष्ट पाण्याच्या दृष्टान्ताने सांगितली आहे. लोकांनी जिवंत झरा टाकून स्वतःसाठी टाकी खोदली, आणि तीही फुटकी. यहूदाच्या चुनखडकात टाके खोदून त्याला चुन्याचा गिलावा देत. गिलाव्याला भेग पडली की साठविलेले पाणी मुकाट्याने झिरपून जाई. जुन्नरकडील मंडळींनी शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी पाहिली आहेत. कातळातल्या टाक्याची किंमत त्यांना सांगावयास नको. टाके वाईट असे संदेष्टा म्हणत नाही. झऱ्याला पाठ करून टाक्यावर विसंबणे वाईट.

आज आपल्या घोड नदीवर डिंभे येथे धरण आहे. जुने आंबेगाव त्याच्या पाण्याखाली गेले. कित्येकांची घरे व शेते गेली. ते पाणी पिताना त्यांची आठवण ठेवणे हे आपले ऋण आहे. धरण ही देवाची कृपाच होय. परंतु पाणी आले तसा ऊस आला, कर्ज आले, बांधावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला, आणि विहीर आटली की बोअर अधिक खोल, त्याहून अधिक खोल. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून, मिलो व सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, ते वृद्ध आम्हांस सांगतात की त्या वर्षी भाकरी अर्धी होती, पण ती वाटली जात असे. सारेच तसे वागले असतील असे आम्ही समजत नाही. तरी ऐकावेसे वाटते.

देवावर भरवसा म्हणजे हात बांधून बसणे, असा अर्थ कोणी करू नये. शेजारच्या नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्याचे व जिरविण्याचे काम गावोगावी उभे केले, आणि 1993 साली त्यासाठी एक संस्थाही स्थापण्यात आली. श्रमदान करणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक होते. पाणलोट कोणाची जात विचारीत नाही.

आणि दुष्काळात एलीयाला जेवू कोणी घातले, हे विसरू नका. सारफथची विधवा, म्हणजे सीदोनची, ईजबेलच्याच मुलखातील बाई. मूठभर पीठ उरलेले असता तिने आधी परक्याला भाकरी दिली. खुद्द प्रभू येशूने नासरेथ येथे तिचे उदाहरण दिले, तेव्हा त्याचे गाववाले संतापले. शेजाऱ्याकडे बोट दाखवू नका, असे आम्ही आरंभी म्हणालो, त्याचे हे कारण.

कर्मेलवरील जयानंतर एलीया स्वतः भयाने पळाला व होरेब पर्वतावर जाऊन मी एकटाच उरलो म्हणून कुरकुरला. देव त्याला वाऱ्यात भेटला नाही, अग्नीतही नाही. मंद वाणीत भेटला, आणि बआलापुढे गुडघा न टेकलेले सात हजार अद्याप आहेत, असे त्याने सांगितले. त्यांतील एकाचेही नाव शास्त्रात नोंदलेले नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने या प्रांतातील जर्मन धर्मगुरूंना अटकेत ठेविले व पुढे मायदेशी धाडिले, तेव्हा नगरकडील कित्येक गावांत प्रार्थना चालू ठेवली ती साध्या धर्मशिक्षक मास्तरांनी. ज्यांची कुळे त्या बाजूची आहेत, त्यांच्या घरी अशा मास्तरांच्या वह्या, प्रार्थनापुस्तके वा नुसती ऐकीव नावे असतील, तर ती या जुबिलीच्या वर्षात आमच्याकडे आणून द्यावीत. नकल करून मूळ प्रत ज्याची त्याला परत दिली जाईल.