संध्याकाळचं कॉर्टिसॉल

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



आपल्या ग्रुपवर रात्री दीडला विनोद येतात आणि पहाटे पाचला सुप्रभात. पाठवणारी मंडळी बहुधा तीच असतात! तेव्हा संयोजकांनी मला झोपेवर बोलायला सांगितलं, ते उगीच नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. आज सांगणार आहे ते संशोधन माझं नाही, पण वर्गात ते दरवर्षी शिकवते.

ब्रूस मॅकइवन हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले शास्त्रज्ञ. २०२० मध्ये ते गेले. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ताण आला की एक संप्रेरक सोडतात. मॅकइवन आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधल्या या संप्रेरकाला किरणोत्सर्गी खूण लावली, ते टोचलं आणि मेंदूत ते कुठे जातं ते पाहिलं. ते साठलं हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागात. १९६८ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. मेंदू ग्रंथींना हुकूम सोडतो हे माहीत होतंच. ग्रंथींचा उलट निरोप थेट स्मृतीच्या दारात पोहोचतो, हे यातून दिसलं. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत आढळलं, की तीन आठवडे रोज ताण दिला तर तिथल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात. ताण थांबला की त्या पुन्हा वाढतात.

माणसात हे संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. त्याला खलनायक ठरवू नका. सकाळी उठण्याच्या सुमारास ते चढतं, अंग कामाला लागतं. मग दिवसभर उतरत जाऊन मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी होतं. बिघडतं ते ही उतरण चुकली की. शिकागो विद्यापीठात ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटाने ११ धडधाकट तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. संध्याकाळी कॉर्टिसॉल खाली यायला हवं, ते चढंच राहिलं. ग्लुकोज दिल्यावर रक्तातली साखर उतरायलाही जास्त वेळ लागला. सहा रात्रींत, आणि तेही तरुणांमध्ये! मघाशी जेवणाआधी गोळ्यांची पाकिटं किती जणांनी काढली ते मी पाहिलंय; आकडा सांगत नाही.

आता बेंगळुरूचं. तिथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना दहा दिवस ताण दिला. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आकसल्या, पण अमिग्डला या भीतीशी संबंधित भागात त्या उलट वाढल्या. नंतर तीन आठवडे विश्रांती दिली, तरी अमिग्डलातली वाढ तशीच राहिली आणि उंदीर बुजरेच राहिले. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरं. पण सुट्टी घेऊन आलो, विसरभोळेपणा कमी झाला, तरी धास्ती काही जात नाही, असं सांगणाऱ्यांना मी आता ‘मनाला लावून घेऊ नका’ असं म्हणत नाही.

आपल्यातल्या काहींच्या घरी आई-वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. रात्रीतून तीनदा उठावं लागतं. त्यांना ‘आठ तास झोपा’ सांगणं म्हणजे चेष्टा. त्यांनी भावंडांकडे नुसत्या फोनवरच्या चौकशीऐवजी आठवड्यातल्या दोन रात्री मागाव्यात, अगदी स्पष्ट शब्दांत. ‘तू दिवसा झोप ना’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. शरीराचं घड्याळ दिवस-रात्र ओळखतं. दिवसाची झोप तुटक होते. रात्रपाळीवाल्यांना हे मी सांगायला नको.

आणि शाळेचं. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. माझ्या मते पहाटेची झोप सगळ्यात जास्त लागते ती नववी-दहावीच्या मुलांना, कारण वयात येताना झोपेची वेळच पुढे सरकते. त्यांचं वेळापत्रक कसं बसवायचं हे मात्र शिक्षकच सांगू शकतील. पहिल्या रांगेतून सरांचा हात वर आलाच आहे. विचारा, सर.