कायद्याची प्रवेशपरीक्षा आणि घरचें ओझें
(शाळेच्या पटांगणांत पालक व विद्यार्थी यांच्यापुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्या गांवांतून यंदा पांच मुलें कायद्याच्या प्रवेशपरीक्षेस बसत आहेत. तीन मुलगे व दोन मुली. एक सुताराच्या घरचा, एक कुंभाराच्या घरची, बाकीचीं शेतकऱ्यांचीं. गोष्ट आनंदाची आहे. पण महिन्याभरांत ह्या पांचांपैकीं तिघांच्या आया माझ्याकडे येऊन गेल्या, आणि तिघींचें गाऱ्हाणें एकच. पोर धड जेवत नाहीं, रात्रीं दोन वाजतां उठून बसतें, कांहीं बोललें कीं अंगावर येतें, वाचलेलें आठवत नाहीं म्हणून रडतें. एकीनें देवऋषाकडे नेऊन अंगारा लावला. दुसरीनें तालुक्याच्या ज्योतिषाकडून अंगठींत घालायचा खडा आणला. खड्याचे किती दिले तें मीं विचारलें. तेवढ्या पैशांत सरावाच्या प्रश्नपत्रिकांचें पुस्तक आणि वर्षभराचें वर्तमानपत्र आलें असतें.

मायबाप हो, पोराला बाहेरचें कांहींएक लागलेलें नाहीं. देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको, हें सत्यशोधक समाज १८७३ सालापासून सांगत आला. मग पोर आणि त्याची परीक्षा यांच्यामध्यें तरी दलाल कशाला? हा दलाल हल्लीं दोन वेषांत येतो. एक खडा विकतो, दुसरा भीति विकतो. "आमच्या क्लासांत आला नाहींत तर यंदाची जागा गेलीच समजा," असें जो पालकांस सांगतो, तो दुसऱ्या जातीचा. सगळे क्लासवाले तसे नसतात. शिकवणारे चांगलेही आहेत. पण जो आधीं घाबरवतो आणि मग फी सांगतो, त्याच्या दारांतून परत फिरावें.

मुलांच्या मनावर जो ताण आहे त्याचे दोन भाग आहेत. एक भीति कागदाची, म्हणजे प्रश्नपत्रिकेची. दुसरी भीति घराची. पहिलीचा उपाय मुलांच्या हातीं आहे. दुसरीचा उपाय तुमच्या हातीं आहे, मुलांच्या नाहीं.

आधीं कागदाची. अंधारांतला दोर साप वाटतो, म्हणून प्रथम दिवा लावून पाहूं. परीक्षा दोन आहेत. एक आपल्या राज्याची सीईटी. ती संगणकावर होते, मराठींतही देतां येते, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहींत. म्हणजे तेथें एकही प्रश्न कोरा सोडणें शहाणपणाचें नाहीं. दुसरी क्लॅट. ती राष्ट्रीय विधि विद्यापीठांची, कागदावर होते. अलीकडे डिसेंबरांत घेतात. मुंबई, नागपूर व औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपती संभाजीनगर, येथें अशीं आपल्या राज्यांतलीं विद्यापीठें आहेत. क्लॅटला दोन तासांत १२० प्रश्न, सगळें इंग्रजींत, आणि चार उत्तरें चुकलीं कीं एक गुण जातो. तेथें अंदाजपंचे गोळी मारूं नये. दोन्ही परीक्षांना एकच पवित्रा घेऊन जाणारा मुलगा एका ठिकाणीं फसतो. आणि गांवच्या पोराला पहिली धास्ती प्रश्नाची नसते, माऊस हातांत धरण्याची असते. ती चार वेळां शाळेच्या संगणकावर बसलें कीं जाते. शाळेचा संगणक रविवारीं मी उघडून देतों.

क्लॅटच्या इंग्रजीविषयीं मुलें फार खचतात. ज्यांच्या घरीं तीन पिढ्या इंग्रजी वर्तमानपत्र येतें, त्यांच्या मुलांना ह्या परीक्षेंत चढती वाट कमी लागते. हा अन्याय आहे, आणि त्याबद्दल न्यायालयांत दादही मागितली गेली आहे. पण आपल्या पोरानें ह्यावरून "मला बुद्धि नाहीं" असा अर्थ काढूं नये. तेथें बराचसा प्रश्न वाचनाच्या वेगाचा असतो. रोज एक अग्रलेख मोठ्यानें वाचावा, अडलेले शब्द वहींत उतरावे, आणि त्यांत काय म्हटलें आहे तें मराठींत आजीला सांगावें. आजीला समजलें तर मुलाला समजलें.

आतां कायद्याचा प्रश्न कसा असतो तें एकदां ऐका, म्हणजे मोठ्यांचीही धास्ती जाईल. नियम दिलेला असतो: अठरा वर्षांखालील व्यक्तीनें केलेला करार कायद्यानें मुळांतच रद्द. खालीं हकीगत असते: सतरा वर्षांच्या मुलानें बैलजोडी विकण्याचा करार केला आणि विसार घेतला, आतां तो जोडी देत नाहीं, करार त्याच्यावर बंधनकारक आहे काय? आपल्या चावडीवर विचारलें तर निम्मे लोक म्हणतील, विसार घेतला तर शब्द पाळला पाहिजे. मनानें तें खरें आहे. पण उत्तर "नाहीं" असें आहे, कारण नियम तसा आहे. करारांचा कायदा १८७२ सालचा, आणि अज्ञानाचा करार मुळांतच रद्द हें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं ठरवून दिलें. परीक्षेंत दिलेल्या नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचें नाहीं, इतकेंच. बांधाचे, पाटाच्या पाण्याचे, वाटणीचे तंटे लहानपणापासून ऐकलेल्या पोराला ही विद्या परकी नाहीं. त्याला कोणीं तसें सांगितलेलें नसतें, म्हणून तो घाबरतो.

अभ्यासाच्या रीतीबद्दल थोडें सांगतों. तेंच पान पांच वेळां वाचलें कीं आलें असें वाटतें, पण तें वाटणें फसवें असतें. अमेरिकेंत रोडिगर व कार्पिकी ह्या दोघांनीं २००६ सालीं प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं उतारा पुन्हां पुन्हां वाचला. कांहींनीं एकदां वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तें लिहिलें. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानें विचारलें तेव्हां लिहिणारे पुढें गेले. म्हणून पुस्तक मिटून स्वतःला विचारा. अडखळाल, आणि तें अडखळणें म्हणजेच अभ्यास. जुन्या प्रश्नपत्रिका क्लॅटवाले स्वतःच विनामूल्य उपलब्ध करतात. घड्याळ लावून आठवड्यास एक सोडवा. मुकाट्यानें चुका तपासायला त्याहून जास्त वेळ द्या.

झोप मोडून वाचणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं दिवसां वाचलेलें डोक्यांत पक्कें होतें तें झोपेंत. रात्रीं सात तास झोप न घेणारा पोर भरलेली घागर घेऊन निघतो, पण घागरीला तळच नसतो.

छाती धडधडणें, तळहात ओले होणें, हा आजार नव्हे. शर्यतीच्या बैलाला सुटण्याआधीं जें होतें तेंच हें. कांहीं ताण लागतोच. शेतकऱ्याला वाफसा सांगायला नको; चिखलांत तिफण चालत नाहीं आणि कोरड्या ठणठणीत रानांतही चालत नाहीं. मनाचेंही तसेंच. चिखल झाला असें वाटलें तर श्वास सावकाश बाहेर सोडावा, आंत घेण्यापेक्षां बाहेर सोडायला दुप्पट वेळ द्यावा, असें पांच मिनिटें. दुसरा उपाय शिकागो विद्यापीठाच्या रामिरेझ व बायलॉक यांनीं २०११ सालीं दाखवला: परीक्षेपूर्वी दहा मिनिटें आपल्याला कशाची भीति वाटते तें कागदावर लिहून काढणें. फार घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण त्यानें सुधारले. कागद कोणाला दाखवायचा नाहीं. फाडून टाका.

आतां घराची भीति. आपल्या लोकांस वकिली इतकी मोठी कां वाटते, ह्याला कारण आहे. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांत सुप्याच्या बाजारीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे व वह्या जाळल्या. ज्या कागदावर आंगठा उठवला तो वाचतां येत नव्हता, आणि कोर्टांत एकतर्फी हुकूमनामे होत होते. १८७९ सालीं सरकारला त्यासाठीं वेगळा कायदा करावा लागला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" लिहिला, त्यांत कोर्टकचेरींत अडाणी कुणबी कसा नागवला जातो तें सांगितलें आहे. म्हणून आपल्या घरांत एक तरी वकील असावा, ही तळमळ खरी आहे. ती मी थट्टेवारी नेणार नाहीं.

पण त्या तळमळीचें ओझें कोणाच्या डोक्यावर ठेवतां? भावकीशीं बांधाचा दावा वीस वर्षें पडून आहे. "तूं वकील झालास कीं बघतों एकेकाला," असें सतरा वर्षांच्या पोराला रोज जेवतांना ऐकवतां. तो घांस त्याच्या घशांत अडकतो. "तुझ्यासाठीं म्हैस विकली," असें जो बाप एकदां बोलला, त्याचा मुलगा प्रश्नपत्रिकेवर प्रश्न पाहत नाहीं, म्हैस पाहतो. म्हैस विकली असेल तर विकली. तो हिशेब नवरा-बायकोनें आपसांत करावा. आणि विकण्यापूर्वीं विचारावें कीं खरोखर विकायला लागते काय.

मुलींच्या घरीं याहून वाईट चालतें. "यंदा नंबर लागला नाहीं तर लग्न," अशी अट घातलेली मुलगी परीक्षेस बसत नाहीं, खटल्यास उभी राहते. शिवाय पाणी, भांडीं, धाकट्याचें सारें तिच्याच गळ्यांत. भाऊ अभ्यास करतो म्हणून त्याला चहा मिळतो, ती अभ्यास करते म्हणून तिला टोमणा. परीक्षेपर्यंत तिच्या वाट्याचें निम्में काम भावानें उचलावें. त्याला लाज वाटली तर वाटूं द्या.

एक वर्ष गेलें म्हणजे जन्म गेला, हें कोणीं ठरवलें? बाबासाहेब आंबेडकर १९१६ सालीं लंडनला ग्रेज इनमध्यें कायद्यासाठीं दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून परत यावें लागलें. मुंबईंत प्राध्यापकी करून पैसे सांठवले, शाहू महाराजांनीं हात दिला, नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून कर्ज घेतलें, आणि १९२० सालीं पुन्हां गेले. बॅरिस्टर झाले १९२२ सालीं. मध्यें तीन वर्षें परीक्षा तशीच पडली होती. आज तर वाटा अधिक आहेत. क्लॅटला वयाची वरची अट नाहीं, पुन्हां बसतां येतें. राष्ट्रीय विद्यापीठ नाहीं मिळालें तर राज्याच्या सीईटींतून साधें विधि महाविद्यालय आहे. तेंही नाहीं झालें तर कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. सनद तिन्ही वाटांनीं सारखीच मिळते. हें मुलाला निकालानंतर सांगूं नका. तेव्हां तें सांत्वन वाटतें. परीक्षेपूर्वीं सांगा.

आतां जें बोलतों तें कठीण आहे, पण बोललेंच पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं स्वतःचा जीव संपवला. सर्व राज्यांत मोठा आंकडा आपल्या महाराष्ट्राचा, १,७६४. सगळींच परीक्षेपायीं गेलीं असें नव्हे. कारणें अनेक असतात. पण प्रत्येक आंकड्यामागें एक घर आहे. पोर एकाएकीं गप्प झालें, आवडीच्या वस्तु वाटूं लागलें, "मी नसलों तर तुमचा खर्च वाचेल" असें हंसत देखील बोललें, तर तें हंसण्यावारी नेऊं नका. जवळ बसून सरळ विचारा कीं जीव द्यावा असें मनांत येतें काय. विचारल्यानें तें डोक्यांत शिरतें, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानें पोर बोलतें. त्याला एकटें सोडूं नका आणि डॉक्टरकडे न्या. टेलिमानस म्हणून सरकारची फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहींत, रात्रीं-अपरात्रीं चालते, मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक आज घरीं जाऊन भिंतीवर खडूनें लिहा.

जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं मनाचें आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणें किंवा चारचौघांत त्यांस हिणवणें शिकवणी-संस्थांनीं करूं नये. जें संस्थांस लागू, तें चावडीवर बसणाऱ्या आपणांसही लागू करायला हरकत नाहीं. निकालाच्या दिवशीं कोणाच्या दारांत जाऊन "कितवा नंबर?" असें कोणी ओरडूं नये.

परीक्षेच्या दिवसाचें सांगून संपवतों. केंद्र लांबचें असलें तर आदल्या सांजेसच तेथल्या नातलगाकडे पोंचावें. प्रवेशपत्र, ओळखपत्र रात्रींच पिशवींत घालावें. सोबत घरचें एकच माणूस जावें, आणि तेंही कमी बोलणारें. भाकरी नेहमीची द्यावी. त्या दिवशीं गोडधोड नको, दहीसाखर हातावर ठेवून निरोपाचा सोहळा नको. मूल बाहेर आलें कीं आधीं पाणी द्यावें. किती सुटले, किती चुकले, हें वाटेंत विचारूं नये. सांगावेंसें वाटलें तर तेंच सांगेल. आणि संध्याकाळीं घरीं आल्यावर रोजच्यासारखें त्याला धार काढायला हांक मारावी.