डोंग्याची मोटर का तापते?



आज मोटरीबद्दल दोन शब्द सांगायचे आहेत. शेतातल्या मोटरीबद्दल नव्हे, डोंग्याच्या मोटरीबद्दल. डोंग्याच्या मागच्या फळीला ती अडकवतात. डोकं वर, पाय पाण्यात. पायाला पंखा असतो. पंखा फिरला की डोंगा पुढे जातो.

तुम्ही म्हणाल, आमच्याजवळ वल्हं आहे, बांबू आहे. मोटर कशाला? खरं आहे. उन्हाळ्यात वैनगंगेला बांबू पुरतो. पण पूर आठवा. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाची ३३ ही दारं उघडली. आपल्याकडे तसा पाऊस नव्हता. पाणी वरून, मध्य प्रदेशाकडून आलं. आपल्या तालुक्यात गावंच्या गावं वेढली गेली. लाडजला तर एरवीसुद्धा नदीचा वेढा. त्या वेळी माणसं बाहेर काढायला मोटरीच्या होड्या आणाव्या लागल्या. तसल्या पाण्यात वल्हं मारणारा कितीही दांडगा असो, धारेपुढे त्याचं काय चालणार?

अशा वेळी मोटर बंद पडली तर काय होतं, ते मी पाहिलं आहे. पाहिलं म्हणजे काय, माझ्याच हातून ते घडलं.

एका पुरात मी मोटर चालवत होतो. डोंग्यात सहा माणसं. त्यात एक बाई बाळंतपणाला अडलेली, तिची सासू, आणि पुढे बांबू घेऊन एक म्हातारे ढिवरबाबा. अर्धी नदी ओलांडली. बाबांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘भाऊ, मोटरीची धार काहून बंद झाली जी?’’

मोटरीच्या मागून पाण्याची एक बारीक धार पडत असते. ती थांबली होती. मीही पाहिली होती. पण मला वाटलं, काठ तर समोर दिसतो आहे. पाच मिनिटांचं काम. पोचल्यावर पाहू. मी म्हणालो, ‘‘काही नाही बाबा, पोचलोच आता.’’

दोन मिनिटांत जळका वास आला. मोटर कण्हल्यासारखी झाली आणि गप्प बसली. दोरी ओढली, तर दोरी येईना. आतला दट्ट्या जागीच धरला होता. डोंगा आडवा झाला आणि धारेला लागला. बाबा नसते तर आज मी इथे उभा नसतो. त्यांनी बांबूने डोंगा सरळ केला. आम्ही दोघांनी वल्ही मारली. कोसभर खाली वाहत गेल्यावर बाभळीच्या शेंड्यांत डोंगा अडकवला. तिथून दुसऱ्या डोंग्याने आम्हांला काढलं. बाई वाचली, लेकरूही वाचलं. पण ते तीन तास सासूबाई माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या, ती नजर मला अजून दिसते.

नंतर मोटर पाहिली. पाणी आत घेण्याची जाळी असते ना, तिच्यावर प्लास्टिकची एक पिशवी चिकटली होती. बस, एवढंच. मोटर थांबवून, वर उचलून, पिशवी काढायला दोन मिनिटं लागली असती.

आता ही मोटर तापते का, ते समजून घेऊ.

पेट्रोल जळतं तिथे आग असते. त्या आगीला थंडावा लागतो. शेतातलं डिझेल इंजिन तुम्ही पाहिलंच आहे. त्याच्या हौदात पाणी घालतात. पाणी आटलं की इंजिन तापतं. डोंग्याच्या मोटरीला वेगळा हौद नाही. नदी हाच तिचा हौद. पायाजवळ जाळी असते, तिथून नदीचं पाणी आत येतं. पायाच्या आतच एक छोटा पंप आहे. पंपात रबराचा पंखा आहे, तळहाताएवढा किंवा त्याहून लहान. तो पाणी वर ढकलतो. पाणी इंजिनाभोवती फिरतं, उष्णता घेतं आणि धुराबरोबर खाली नदीत परत जातं. त्यातलंच थोडं पाणी एका भोकातून बाहेर सोडलेलं असतं. हीच ती धार. पेन्सिलीएवढी बारीक. पण मोटर चालवणाऱ्याने समोर जितकं पाहावं, तितकंच मागे या धारेकडे पाहावं. पंप चालतो की नाही, हे ती सांगते.

या मोटरी मुळात परदेशच्या. नॉर्वे देशात जन्मलेला ओले एव्हिनरूड नावाचा कारागीर अमेरिकेत गेला. त्याने १९०९ साली अशी मोटर विकायला काढली. लोक सांगतात की एकदा तळ्यावर वल्ही मारत आईस्क्रीम आणताना ते वितळून गेलं. तेव्हा त्याला ही कल्पना सुचली. असो, आईस्क्रीम वितळो न वितळो, मोटर चांगली झाली.

पंपाच्या पाइपाला खाली आपण ‘फुटबॉल’ लावतो. त्याच्या जाळीत शेवाळ, तणस अडकलं की पाणी बंद होतं. मग तुम्ही काय करता? पाण्यात उतरता आणि जाळी साफ करता. मोटरीचंही अगदी तसंच. शंभरातल्या पुष्कळ वेळा रोग जाळीतच असतो. पिशवी, जलकुंभीची मुळं, धानाचं तणस, माशाच्या जाळ्याचा तुकडा. म्हणून धार थांबली की आधी मोटर मंद करा. मंद असताना क्षणभर उलटी चालवून पाहा. पुष्कळदा कचरा आपोआप सुटून जातो. न सुटला तर मोटर बंद करा. बंद करण्याआधी एक जण वल्हं धरून बसलेला असला पाहिजे. जवळ झाड असेल तर दोर बांधा. मोटर बंद करण्याची सुरक्षा-दोरी काढून घ्या. मगच मोटर वर उचला आणि जाळीला हात लावा. पंखा फिरत असताना खाली हात घालू नका. त्यात बोटं गेलेली माणसं आहेत.

तापलेल्या मोटरीवर गार पाणी कधी ओतू नका. चुलीवरच्या तापल्या तव्यावर पाणी टाकलं तर काय होतं, ते बायांना विचारा. इंजिनाचं लोखंड-ॲल्युमिनियमही असंच तडकू शकतं. झाकण काढा, सावली करा आणि दम धरा.

जाळी साफ आहे, तरी धार नाही? मग धारेचं भोक पाहा. कुंभारीण माशी तुम्हांला ठाऊक आहे. भिंतीला मातीची घरं करते ती. पावसाळाभर मोटर पडवीत पडून राहिली की ही बाई त्या भोकात घर करते. आत पाणी व्यवस्थित फिरत असतं, पण बाहेर धार दिसत नाही. बारीक तार घाला, माती निघते आणि धार सुरू होते. तार डोंग्यातच ठेवावी. माझ्या तर झाकणाच्या आतच बांधलेली असते.

तार घालूनही धार नाही, तर रबरी पंख्यावर संशय घ्यावा. त्याची पाती रेतीने झिजतात. आपल्या नदीला पुरात गाळ किती, हे मी सांगायला नको. वर्षभर मोटर पडून राहिली तर पाती एका बाजूला वाकून तशीच ताठरतात. आणि कोणी हौसेने मोटर कोरडी चालवून पाहिली, तर रबर थोडक्याच वेळात जळतं. ‘‘चालू होते का पाहू,’’ म्हणून पाण्याबाहेर दोरी ओढणारे बहाद्दर प्रत्येक गावात आहेत. त्यांना आवरा.

पंखा बदलणं काठावरचं काम आहे, नदीतलं नाही. पाय सोडवावा लागतो. जुना पंखा काढला की त्याची पाती मोजा. एखादं कमी असलं तर तो तुकडा वर नळीत गेलेला आहे. तो शोधून काढा, नाहीतर नव्या पंख्याचं पाणीही तिथेच अडेल. नवा पंखा साबणाचं पाणी लावून, दांडी फिरते त्याच दिशेने फिरवत बसवा. पंख्याची छोटी चावी हरवू नका. ती मातीत पडली की दिवस गेला.

आता एक नाजूक गोष्ट. धार चांगली आहे आणि तरी मोटर तापते, असंही होतं. पुष्कळ मोटरींत थर्मोस्टॅट नावाचं छोटं दार असतं. इंजिन गार असताना ते मिटलेलं असतं, गरम झालं की उघडतं. ते गाळाने मिटूनच राहिलं तर पाणी इंजिनाभोवती फिरत नाही. त्याची परीक्षा चुलीवर करता येते. दोऱ्याने बांधून पाण्याच्या गंजात सोडा आणि पाणी तापवा. पाणी उकळायच्या पुष्कळ आधी ते उघडायला हवं. उकळी आली तरी मिटलेलंच, तर ते फेकून द्या.

पेट्रोलात ऑईल मिसळायची मोटर असेल तर मापात कंजूषी करू नका. काही मोटरींना एका लिटरला २० मिलिलिटर ऑईल लागतं, काहींना जास्त. आपल्या मोटरीच्या पुस्तकात पाहा. आता वाचता येतं, तर तेवढं पान तुम्हीच वाचा, दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. ऑईल वेगळं घालायची मोटर असेल, तर आधी पट्टी काढून पातळी पाहा.

मोटर फळीवर फार उंच बसवली तर जाळी पाण्याबाहेर येते आणि पंप हवा ओढतो. आणि डोंग्यात माणसं मावतील तितकी भरू नका. बैलाला ओझं दिसतं, तो बसून घेतो. मोटर बिचारी ओढतच राहते.

पुरातून आल्यावर मोटरीला आंघोळ हवी. ड्रमात स्वच्छ पाणी भरा. जाळी बुडेल इतकं पाणी हवं. न्यूट्रलमध्ये, मंद, दहा मिनिटं चालवा. घरात नको, बाहेर मोकळ्यात. धूर विषारी असतो. सुरुवातीला धार गढूळ येईल, मग निवळेल. आणि पूर नसला तरी महिन्यातून एकदा अशीच ड्रमात चालवा.

बाहेर वडाखाली ड्रम भरून ठेवला आहे आणि मोटर लावली आहे. तिच्या भोकात मी मुद्दाम माती भरली आहे. तार खिळ्याला टांगली आहे. चला, पहिल्यांदा कोण येतो?