कथेची रोजकीर्द आणि खतावणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात साहित्याविषयी चार शब्द बोलण्याचा मान मंडळाच्या चालकांनी आम्हांस दिला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. साहित्याचे क्षेत्र अफाट आहे. त्यातील एक लहानसा, आणि पुष्कळांना रुक्ष वाटेल असा कोपरा आम्ही आजच्यासाठी निवडला आहे. हाती घेतलेली कथा अगर कादंबरी लेखक आखतो कशी, आणि ती पुरी होईपर्यंत सांभाळतो कशी, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. आपल्या ज्ञातीत लिहिणाऱ्यांची वानवा नाही. वानवा आहे ती लिहिलेले तडीस नेणाऱ्यांची. आपल्यातील बहुतेक लेखक पोटापाण्याच्या उद्योगातून उरलेल्या वेळी लिहितात. कोणी कचेरीतून दमून आल्यावर लिहितो, कोणी शिक्षिका विद्यार्थ्यांच्या वह्या तपासून झाल्यावर लिहिते, तर कोणी गृहिणी मुलांना निजवून लेखणी हाती घेते. पहिली तीन-चार प्रकरणे झपाट्याने होतात. मग घरात लग्नकार्य निघते, बदलीचा हुकूम येतो किंवा कोणाचे आजारपण उद्भवते. दोन महिन्यांनी वही उघडावी, तो नायिकेची मावशी विधवा होती की नव्हती, हेच आठवत नाही! वही पुन्हा मिटते आणि ट्रंकेच्या तळाशी जाते. गुणांच्या अभावी मेलेल्या कथांपेक्षा अशा रीतीने मेलेल्या कथांची संख्या अधिक असावी, असे आम्हांस वाटते.

आमच्या मराठी कादंबरीचा पायाच मुळी सवड नसलेल्या माणसाने घातला आहे. हरि नारायण आपटे यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. हाच माणूस आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत होता आणि पुढे पुणे नगरपालिकेचा अध्यक्षही झाला. दर आठवड्यास मजकूर हवा, छापखाना थांबत नाही, आणि लोकसेवेचा व्याप तर वाढतच आहे, अशा स्थितीत त्यांनी लिहिले. त्यांच्या लेखनातील पाल्हाळाकडे टीकाकारांनी बोट दाखविले आहे, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या हेही खरे. हरिभाऊंपाशी प्रतिभा कमी होती असे कोण म्हणेल? एवढ्या थोर लेखकाची ही गत, तर कथा सांभाळण्याचा प्रश्न आपणां सामान्यांना किती जाचत असेल, याचा विचार करावा.

अशाच निकडीत लिहिणाऱ्या दुसऱ्या एका थोर लेखकाचे कागद मात्र आज पाहावयास मिळतात. तो म्हणजे इंग्लंडचा चार्ल्स डिकन्स. त्याच्या मोठ्या कादंबऱ्या दरमहा एक भाग याप्रमाणे निघत. भाग साधारण बत्तीस पानांचा, आणि शेवटचा जोडभाग धरून एकोणीस महिन्यांत वीस भाग, असा तो क्रम असे. पहिला भाग वाचकांच्या हाती पडला की मागे जाऊन दुरुस्ती करण्याची सोय नाही! म्हणून तो प्रत्येक भागासाठी एक कागद घेई आणि त्याचे दोन भाग पाडी. उजव्या बाजूस त्या महिन्यातील प्रकरणे आणि त्यांतील घटना मांडी. डाव्या बाजूस मात्र तो स्वतःलाच प्रश्न विचारी. अमुक पात्र या भागात आणावे काय? तमुक गुपित आता फोडावे काय? मग कधी होकार, कधी नकार, तर कधी ‘अजून नाही’ अशी उत्तरे तो त्या प्रश्नांपुढे लिहून ठेवी. हे कागद लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जतन केलेले आहेत.

‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी 1849 च्या मे महिन्यात सुरू झाली आणि 1850 च्या नोव्हेंबरात संपली. नायकाची कोवळी, भाबडी पत्नी डोरा हिला जगवावे की मारावे, याचा निर्णय 1850 चा मे महिना उजाडला तरी झालेला नव्हता. तसे त्याने आपल्या स्नेह्याला पत्रातून कळविलेले आहे. म्हणजे कादंबरीचे एक वर्ष छापून झाले, हजारो वाचक डोरावर लोभ करू लागले, तरी तिचे भवितव्य खुले होते. आणि ते खुले आहे याची त्याला पुरती जाणीव होती. आमच्या मते सगळे मर्म येथेच आहे. आराखडा म्हणजे सर्व उत्तरांची यादी नव्हे. कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याची ती नोंद आहे. सुटलेला प्रश्न लेखकाच्या ध्यानात आपोआप राहतो. न सुटलेला मात्र लिहून ठेवला नाही तर हरवतो.

येथे आमचे काही तरुण मित्र आक्षेप घेतील. ते म्हणतील, कथा ही काय घराचा नकाशा आहे? प्रतिभा अशी आखून येते काय? हा वाद मराठीत जुनाच आहे. ना. सी. फडके यांनी 1931 सालच्या ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात तंत्राची चर्चा केली, तेव्हापासून तंत्र मोठे की अनुभव मोठा, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. त्या वादात आम्ही शिरू इच्छीत नाही. मोडता येत नाही असा आराखडा वाईटच, हे आम्हांसही मान्य आहे. रशियाच्या दस्तयेवस्कीचे उदाहरण घ्या. ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी प्रथम खुन्याच्याच तोंडून, कबुलीजबाबाच्या रूपाने सांगावी, असा त्याचा बेत होता. पुष्कळ लिहून झाल्यावर 1865 च्या अखेरीस त्याने ते जाळून टाकले आणि नव्या बेताने पुन्हा आरंभ केला. ते त्याने स्वतःच पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे. 1866 साली ती कादंबरी मासिकातून प्रसिद्ध होऊ लागली, ती तृतीय पुरुषी निवेदनात. तिच्या टिपणांच्या तीन वह्या मात्र उरल्या आहेत. तेव्हा जुना बेत मोडणे हा बेत करण्याचाच एक भाग झाला. कशावरून निघालो हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्यालाच वाट धैर्याने बदलता येते.

आता दुसऱ्या टोकाचा एक लेखक पाहू. अँथनी ट्रोलोप हा इंग्रजी कादंबरीकार आयुष्याची तेहतीस वर्षे टपाल खात्यात नोकरी करीत होता आणि तरीही त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. कथानक आधी रचण्याची त्याला फारशी पर्वा नव्हती. शेवट काय होणार हे आरंभी आपणांस ठाऊक नसते, असे तो मोकळेपणी सांगतो. परंतु त्याच्याजवळ वेगळीच शिस्त होती. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे. उठविण्याकरिता त्याने एका जुन्या नोकरास वर्षास पाच पौंड जादा देऊ केले होते. घड्याळ समोर ठेवून दर पाव तासास अडीचशे शब्द लिहावयाचे, असा त्याचा नेम असे. रोज किती पाने झाली हे तो एका रोजनिशीत नोंदवी, आणि एखादा आठवडा आळसात गेला तर ती कोरी नोंदच त्याला टोचत राही. 1883 साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा सारा हिशेब आहे. तो वाचून काहींनी नाके मुरडली. पण नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला त्यात मोठा दिलासा आहे.

व्यापारी पेढीची परिभाषा वापरावयाची, तर ट्रोलोपने रोजकीर्द ठेवली आणि डिकन्सने खतावणी. रोज काय घडले ते रोजकीर्दीत येते. कोणाच्या खाती काय जमा आणि काय नावे, हे खतावणीत दिसते. पेढीला दोन्ही लागतात, आणि आमच्या समजुतीप्रमाणे कथेलाही दोन्ही लागतात.

सवड कमी असलेल्या लेखकाने चार गोष्टी ठेवाव्यात, असे आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट कालाची. प्रत्येक पात्राचे जन्मसाल आणि कथेतील मोठ्या घटनांची साले एका पानावर लिहावीत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला. त्या दिवशी आपली नायिका दहा वर्षांची होती असे एकदा लिहिले, की 1972 च्या दुष्काळात ती एकवीस वर्षांची झालीच पाहिजे. तेव्हा तिला परकर-पोलक्यात शाळेस धाडून चालणार नाही. वाचक बोलत नाही, पण त्याचा विश्वास उडतो.

दुसरी गोष्ट पात्रांच्या खात्यांची. कोणाला काय ठाऊक आहे आणि ते केव्हा कळले, ही नोंद वर्णनापेक्षा महत्त्वाची. नाक सरळ की बसके, हे मागे जाऊन पाहता येते. कळणे-न कळणे चुकले तर कथाच कोसळते. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ (1959) तीन पात्रांच्या तोंडून सांगितली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक आहेत. कर्णाच्या जन्माचे रहस्य कुंतीला पहिल्यापासून ठाऊक असते, तर कर्णाला महाभारताप्रमाणे ते युद्धाच्या तोंडावर कळते. जो तो आपल्या ठायी आहे तेवढेच जाणतो आणि तेवढेच बोलतो, हे अशा रचनेत क्षणभरही विसरता येत नाही.

तिसरी गोष्ट प्रश्नांच्या कागदाची. तिच्याविषयी डिकन्सच्या ओघात आम्ही बोललोच आहोत. हा कागद समोर दिसेल असा असावा. अमेरिकेच्या विल्यम फॉकनरने ‘अ फेबल’ (1954) या कादंबरीचा वारांप्रमाणे आराखडा थेट आपल्या खोलीच्या भिंतींवर लिहून काढला. मिसिसिपीतील त्याच्या घरी तो अजून पाहता येतो. आपल्या भाड्याच्या बिऱ्हाडात घरमालक हे खपवून घेणार नाही! पण कपाटाच्या आतल्या अंगाला एक कागद डकवावयास कोणाची परवानगी लागत नाही. ज्यांना संगणक अगर मोबाइल सोयीचा वाटतो, त्यांनी तेथे लिहावे. साधन कोणतेही असो, प्रश्न एका जागी असावेत.

चौथी गोष्ट रोजकीर्दीची. उठण्यापूर्वी तारीख घालावी, किती लिहिले ते मांडावे, आणि पुढच्या बैठकीत प्रथम काय लिहावयाचे, ते एका ओळीत नोंदवावे. ही एक ओळ अत्यंत मोलाची आहे. बैठक आठ दिवसांनी होवो की तीन महिन्यांनी, ती ओळ दार उघडे ठेवते.

यातील काहीही प्रतिभेची जागा घेऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. ठिपके काढले म्हणजे रांगोळी झाली असे नव्हे. ठिपक्यांवरून रेघ ओढणारा हात ज्याचा त्याचाच. पण दळण-कांडण आटोपून अंगणात आलेल्या बाईला, अर्धी राहिलेली रांगोळी कोठून धरावी, हे ते ठिपकेच सांगतात.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. टिपणे कितीही नेटकी असली तरी लेखकावाचून ती पुरी होत नाहीत. डिकन्सने आपली शेवटची रहस्यकथा बारा भागांची योजिली होती. 9 जून 1870 रोजी त्याला मृत्यू आला, तेव्हा सहाच भाग तयार होते. त्या रहस्याचा निर्विवाद उलगडा त्याच्या कागदांतूनही होत नाही. व्लादिमीर नाबोकोव्ह हा लेखक लहान पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहीत असे, म्हणजे प्रसंगांचा क्रम हवा तसा फिरविता येई. 1977 साली तो वारला. अपुऱ्या कादंबरीची 138 कार्डे मागे राहिली, ती 2009 साली जशीच्या तशी छापून निघाली. त्यांचा अखेरचा क्रम कोणता, ते ठरविणारा हात मात्र नव्हता. टाचण हे कथा पुरी करण्याचे साधन आहे. टाचण करीत राहणे हाच ज्याचा छंद होऊन बसतो, त्याची ट्रंकही अखेर भरतेच. फक्त तीत कथेऐवजी टिपणे असतात.

म्हणून शेवटी मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. ज्यांच्या घरी अपुरी वही पडून आहे, अशा पाच-सात जणांनी महिन्यातून एकदा मंडळाच्या वाचनालयात जमावे. एकमेकांचे लेखन कसे आहे, याची चर्चा तूर्त करू नये. प्रत्येकाने एवढेच सांगावे की, गेल्या महिन्यात आमचे इतके झाले आणि हा प्रश्न अडला आहे. अडलेला प्रश्न चारचौघांत मोठ्याने उच्चारला, की तो निम्मा सुटतो. यास खर्च काही नाही. एक सतरंजी आणि दोन तास पुरेत. आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिलेले जग, आणि आपल्या भगिनींनी मुकाट्याने सोसलेले संसार, त्या वह्यांत अर्धेमुर्धे लिहिलेले आहेत. ते लिहिणारे हात आज आहेत, तोवर ते पुरे झाले पाहिजेत.

पुढील वर्षीच्या अंकात ‘अपूर्ण’ या शब्दाने संपणारी एकही कथा नसो, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.